दुकानात शिरलेल्या तिघी, उन्हात अडकलेले चौघे

'द बिग बँग थिअरी' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या सहाव्या सीझनमधला तेरावा भाग, 'द बेकर्सफील्ड एक्स्पिडिशन' (जानेवारी 2013). आख्खी मालिका बघायला वेळ नसेल तर एवढा एक भाग तरी बघा, असं मी कॉमिक्स वाचणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला सांगते.

लेनर्ड, शेल्डन, हॉवर्ड आणि राज हे चार मित्र 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळमालिकेतल्या पात्रांचे कपडे घालून कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्याला, निघतात. वाटेत वास्केझ रॉक्स हे कॅलिफोर्नियातले खडक लागतात. मूळ 'स्टार ट्रेक'चं शूटिंग तिथे झालेलं, म्हणजे फोटो काढल्याशिवाय पुढे जाणं शक्यच नाही. त्या नादात गाडी चोरीला जाते. मग टकलाचा पिकार्ड, तोंडाला रंग फासलेला डेटा, बोर्ग आणि वॉर्फ अशी वरात भर उन्हात पायी निघते. चौघंही चांगले कमावते. हॉवर्डचं तर लग्न झालंय, याच सीझनमध्ये तो अंतराळात राहून आलाय. तरी अंगावर तो पोशाख चढला की लोकांच्या लेखी पोरकटच! डायनरमध्ये चौघांचा उत्साह ओसरत जातो, तिथे माझा जीव खरंच तुटतो.

इकडे पेनी, ॲमी आणि हॉवर्डची बायको बर्नाडेट, 'या मुलांना यात एवढं काय दिसतं' म्हणून स्टुअर्टच्या कॉमिक्सच्या दुकानात जातात. आतली सगळी गिऱ्हाइकं वळून टक लावून बघतात. त्यावर हशा. हे मला खटकलं. बाईने कॉमिक्सच्या दुकानात पाऊल टाकणं हाच विनोद? मी एका दुकानात ग्राफिक नॉव्हेल मागितली, तर काउंटरवरच्या माणसाने "मुलासाठी का, मॅडम?" विचारत 'टिंकल'चा गठ्ठा पुढे सरकवला होता. असल्या प्रसंगात हसू येत नाही, दुकानातून निघून जावंसं वाटतं.

पण पुढचा प्रसंग फर्मास. तिघी 'थॉर' या सुपरहिरोचं कॉमिक वाचतात आणि त्याचा हातोडा कोणाला उचलता येईल यावरून हमरीतुमरीवर येतात. ॲमी मेंदूवर संशोधन करणारी, बर्नाडेट मायक्रोबायोलॉजीत पीएचडी, आणि दोघी तावातावाने मुद्दे काढतायत! कोणी कोणाला 'मोठी हो' म्हणत नाही. बर्नाडेट झालेल्या मेलिसा राउखचा तो बारीक, चिरका आवाज इथे भलताच शोभतो.

पाचपैकी चार. तिघींना पुढचा अंक मागायला त्याच दुकानात परत पाठवलं असतं, तर मी पाच दिले असते.