सोरायसिस: आधी वजन, आहार की कॅप्सूल?

सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे आणणारा दाहाचा आजार, झाला की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी गहू सोडायला सांगतं, कुणी माशाचं तेल सुरू करायला. पैसा आणि चिकाटी दोन्ही मर्यादित असतात, म्हणून आधी कशाला हात घालायचा ते ठरवावं लागतं. आजार मुळासकट घालवेल असं यात काहीच नाही. चालू असलेली मलमं, गोळ्या, इंजेक्शनं न थांबवताच हे करायचं.

वजन जास्त असेल, तर ते उतरवणं हाच माझ्या मते पहिला पर्याय. पोटावरची चरबी नुसती साठून राहत नाही. दाह वाढवणारे टीएनएफ-अल्फासारखे रेणू ती रक्तात सोडत राहते, आणि सोरायसिसही त्याच रेणूंवर पोसला जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६० रुग्णांपैकी निम्म्यांना १६ आठवडे कमी कॅलरींचा आहार दिला. इतरांच्या तुलनेत त्यांचं वजन सरासरी १५ किलोंनी अधिक उतरलं. चट्टेही कमी झाले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात अपुरा पडला. रोजच्या जगण्यातला त्रास मात्र स्पष्टपणे घटला. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये ठाम शिफारस केली ती वजन घटवण्याचीच. तुमचं वजन मुळात योग्य असेल, तर मात्र उगाच उपाशी राहू नका.

माशाच्या तेलाची बाजू यापुढे फिकी पडते. १९९३ च्या चाचणीत १४५ जणांनी चार महिने रोज सहा ग्रॅम माशाचं किंवा मक्याचं तेल घेतलं. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. जेवणात मासे जरूर असू द्या, पण कॅप्सूलवर भिस्त नको.

ड जीवनसत्त्वाबाबत सर्वाधिक गोंधळ होतो, कारण कॅल्सिपोट्रिऑल हे त्याच्याच जातीचं मलम चट्ट्यांवर खरोखर काम करतं. पोटात घेतलेल्या गोळीचं तसं नाही. नॉर्वेत हिवाळाभर मोठे डोस देऊनही चट्टे घटले नाहीत, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर हाडांसाठी ती भरून काढा. मनाने डोस वाढवाल तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, सोडण्याचा फायदा सीलिॲक आजाराच्या (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) रक्तचाचण्या पॉझिटिव्ह आलेल्यांनाच होण्याची शक्यता आहे. पण तपासणीआधीच गहू सोडला तर चाचणीत मोजली जाणारी प्रतिपिंडं उतरतात आणि चाचणी फसवी येते. म्हणून आधी रक्त तपासा, मग ताट बदला.

हळदीच्या अर्काबद्दल थोडे आशादायक निष्कर्ष आहेत, पण चाचण्या छोट्या आहेत. शिवाय अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृतावर ताण आणणारं सोरायसिसचं औषध मेथोट्रेक्सेट चालू असेल तर हा धोका मी पत्करणार नाही. त्या औषधावर दारूही नकोच. ॲसिट्रेटिन हे सोरायसिसचं दुसरं औषध घेणाऱ्यांनी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या अजिबात घेऊ नयेत, कारण ते औषध त्याच कुळातलं आहे.

मेथोट्रेक्सेटसोबत डॉक्टर देतात ती फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवू नका. मळमळ आणि यकृतावरचा ताण तिने कमी होतो. ती कोणत्या वारी घ्यायची, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.