पार्क स्लोप फूड कोऑप, ब्रुकलिन: आधी पाळी, मग किराणा

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या युनियन स्ट्रीटवरचे हे सहकारी किराणा दुकान 1973 मध्ये सुरू झाले आणि फक्त सभासदांसाठी चालते. पाहुणा म्हणून आत फिरता येते, विकत काही घेता येत नाही. प्रवेश फी 25 डॉलर, शिवाय 100 डॉलर भांडवल, जे सभासदत्व सोडताना परत मिळते. उत्पन्न कमी असेल तर दोन्ही रकमा कमी होतात.

खरी किंमत वेगळीच आहे: दर सहा आठवड्यांनी पावणेतीन तासांची पाळी. माल उतरवणे, गल्ला सांभाळणे, तळघरात चीज कापून सुकामेवा आणि मसाले पुड्यांत भरणे, नाहीतर नारिंगी जाकीट घालून खरेदीदाराला सबवेपर्यंत सोबत करणे आणि ढकलगाडी परत आणणे. पगारी माणसे आहेत, पण बहुतेक काम सभासदांच्या हातचे. म्हणूनच खरेदीभावावर साधारण 25 टक्केच चढतात, आणि भाजी, फळे, चीज या दर्जाची या भावात आसपास मिळणे कठीण.

अडचण येते ती घरातल्या प्रत्येक प्रौढाने सभासद व्हायचे आणि पाळी करायची, या नियमाशी. नियम कडक वाटतो, पण रास्त आहे: तो नसता तर एकाच्या पाळीवर पाच जणांचा किराणा भरला असता. जोडीदार लपवणे, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवणे, हे प्रकार याच नियमातून निघतात. आजारपण आणि बाळंतपणासाठी सवलत आहे.

हिशेब आधी करा. माणशी वर्षाला सुमारे 24 तास जातात. बाहेर 375 डॉलरला मिळणारा महिन्याचा माल इथे 300 ला पडला, तर दोघांच्या घराला तासामागे जवळपास 19 डॉलर सुटतात. एकट्याने महिना 100 चीच खरेदी केली, तर याच दराने साडेबारा. ड्युटीच्या वेळा सतत बदलणाऱ्यांनी विशेष विचार करावा; चुकलेली पाळी भरून द्यावीच लागते.

धोरण ठरते मासिक सर्वसाधारण सभेत. मोठा विषय आधी एका सभेत चर्चेला येतो, मग दुसऱ्या सभेत मताला. कायद्यानुसार अंतिम मत संचालक मंडळाचे, सभासदांचे मत सल्ला म्हणून धरतात. मंडळ तिथेच मतदान करते. दुकानाची कमकुवत बाजू म्हणजे या सभेला येणारे थोडे. मार्च 2012 मध्ये इस्रायली मालावरील बहिष्कारासाठी सर्व सभासदांचे मतदान घ्यावे का, हा प्रश्न इतका गाजला की सभेसाठी शाळेचे मोठे सभागृह घ्यावे लागले. तरी मते पडली बाजूने 653 आणि विरोधात 1005, म्हणजे सुमारे 16,000 सभासदांपैकी दहावा हिस्सा. पाळीची सक्ती आहे, सभेची नाही.

1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारच्या कुटुंबांचा संघ माल उतरवून आपापसांत वाटून घेतो. कोण आले नाही, ते लगेच दिसते. इथे ती नोंद कार्यालय ठेवते, आणि पाळी थकली की खरेदीही थांबू शकते. म्हणून सभासद होण्याआधीच्या माहितीसत्रालाच पाळी बदलण्याचे आणि भरून देण्याचे नियम नीट विचारून घ्या, आणि घरातल्या दुसऱ्या प्रौढाची तयारी असेल तरच फी भरा.