छतावर सोलर की आयोगापुढे हरकत? नवी मुंबईतल्या सोसायट्यांनी आधी काय करावं

ऐरोली, रबाळे, महापे. टीटीसी म्हणजे ट्रान्स-ठाणे क्रीक या औद्योगिक पट्ट्यात जिथे केमिकल कंपन्या होत्या, तिथे आता डेटा सेंटरच्या बंद, खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहताहेत. त्यांना वीज रात्रंदिवस लागते आणि भार जवळपास सारखाच राहतो. खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा कोळशावरचा संच बंद व्हायच्या वाटेवर होता, पण मुंबईची मागणी वाढल्यामुळे २०२३ च्या अखेरीस त्याला मुदतवाढ मिळाली. माहुल-चेंबूरच्या लोकांनी तो धूर आणखी काही वर्षं सोसायचा आहे.

अशा वेळी सोसायटीच्या कमिटीपुढे तीन पर्याय येतात: छतावर सोलर बसवायचं, महावितरणचा हरित दर घ्यायचा, किंवा विजेचे दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढे सूचना-हरकती मांडायच्या. पैसा आणि माणसं दोन्ही मोजकी असतात, म्हणून ही तुलना.

हरित दराबद्दल थोडक्यात. आयोगाने २०२१ मध्ये युनिटमागे ६६ पैसे जादा घेऊन शंभर टक्के हरित वीज देण्याची सोय केली, नंतर दर बदलत गेले. यात छत लागत नाही, फक्त अर्ज करावा लागतो. पण बिल वाढतं, आणि शेजारच्या डेटा सेंटरसाठी उभ्या राहणाऱ्या उपकेंद्राचा खर्च कोण भरणार यावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. सोसायटीसाठी मी हा पर्याय बाजूला ठेवेन.

छताचं गणित मात्र नीट मांडायला हवं. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे ३० किलोवॅटला ३,००० चौरस फूट, आणि महिन्याला ३,६०० युनिटच्या आसपास वीज. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे बहुतेक मध्यम सोसायट्यांत यात भागतात. किलोवॅटला ५० हजार धरले तर खर्च १५ लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे ५ लाख ४० हजार सुटतात. ही योजना २०२६-२७ पर्यंतची आहे. सामायिक मीटरचा वापर ५०० युनिटच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे सोलरने आधी वाचतात ती सर्वात महागड्या स्लॅबमधली युनिटं. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घ्यायच्या सोयीत, मंजूर भारापेक्षा मोठी यंत्रणा बसवता येत नाही, तेव्हा बिलावरचा तो आकडा आधी पाहा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते सोलरच्या आधी उरका. पॅनेल काढून पुन्हा बसवायचा खर्च उगाच अंगावर येतो.

फायदा खरा आहे, पण त्याला मर्यादा आहेत. फक्त एक मेगावॅटचा अखंड भार दिवसाला २४,००० युनिट खातो. तेवढी वीज छतांवरून काढायची तर ६,००० किलोवॅट पॅनेल लागतील, म्हणजे वरच्या हिशोबातल्या दोनशे सोसायट्या. आणि तीही दिवसाच. शिवाय ज्यांना स्वतःचं छतच नाही, म्हणजे गावठाणातल्या चाळीचे भाडेकरू किंवा माहुलच्या पुनर्वसन इमारतींतली कुटुंबं, त्यांना आपल्या पॅनेलचा काय उपयोग?

त्यांच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता आयोगाच्या सुनावणीतून जातो. वीज कायदा, २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दरवाढीचा अर्ज जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आणि मुंबई ग्राहक पंचायत हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. आयोगाचे निर्णय किती हलतात हे २०२५ मध्ये दिसलं: २८ मार्चचा दर आदेश महावितरणच्या विनंतीवरून काही दिवसांतच स्थगित झाला आणि २५ जूनला सुधारित आदेश आला. कंपनी आपलं म्हणणं मांडायला एकही संधी सोडत नाही. आपण का सोडायची?

आणि मागायचं काय, तेही ठोस हवं. घरगुती बिलावर आपण १६ टक्के वीज शुल्क भरतो, तर राज्याच्या आयटी धोरणात डेटा सेंटरना त्यात सवलत आहे. हा सरकारचा निर्णय, त्यासाठी आमदारांना पत्र द्या. आयोगाकडे मागायचं ते वेगळं: मोठ्या नव्या भारासाठी लागणाऱ्या वाहिन्या आणि उपकेंद्रांचा खर्च त्याच ग्राहकाकडून वसूल व्हावा, त्यांची हरित वीज खरेदी तासागणिक, म्हणजे कोणत्या तासाला किती, दाखवली जावी, आणि कोळशाच्या जागी स्थानिक सौर व साठवणुकीचा पर्याय आधी तपासावा. पहिली मागणी हवेतली नाही. अमेरिकेत ओहायोच्या नियामकाने जुलै २०२५ मध्ये ठरवलं की तिथल्या एईपी या वीज कंपनीकडे येणाऱ्या नव्या मोठ्या डेटा सेंटरनी, मागितलेल्या विजेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे वापर कमी झाला तरी भरायचे, १२ वर्षांपर्यंत.

खर्चाचं म्हणाल तर हरकतीला सभासदांचे काही तास लागतात, लाख रुपये नाहीत. यश मात्र हमखास नाही, आणि एका पत्राने काही होत नाही. एकाच पट्ट्यातल्या वीस सोसायट्यांनी आपापल्या लेटरहेडवर, आपापल्या बिलाचे आकडे देऊन पाठवलेल्या हरकती दुर्लक्षित करणं अवघड जातं. एकाच मजकुराच्या झेरॉक्स पाठवू नका.

निवड करायचीच झाली तर माझं मत: गच्ची मोकळी असेल तर सोलर बसवाच, पण हरकतीचा ठराव त्याच्या आधी घ्या. जाहीर सूचना निघाल्यावर हाती साधारण तीन आठवडेच असतात, आणि तेवढ्यात सर्वसाधारण सभा बोलावणं जमत नाही. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेतच दोन सभासदांना अधिकार देऊन ठेवा. पत्रात याचिका क्रमांक, सोसायटीचा पूर्ण पत्ता आणि प्रत्यक्ष सुनावणीत बोलायचं असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. एक प्रत महावितरणला द्या आणि पोच जपून ठेवा, आयोग ती मागतो.