रिकामी घरं: सरकारी आधी की खासगी?

मुंबईत घरांची टंचाई आहे आणि रिकामी घरंही आहेत. २०११च्या जनगणनेनुसार शहरात सुमारे ४.८ लाख घरं बंद होती. गरजूंना ती मिळवून द्यायची तर सुरुवात कुठून करायची?

सरकारी घरं हातातच आहेत. मालकाची मनधरणी नको, भाड्याची घासाघीस नको. २०२०मध्ये केंद्राने अशी घरं स्थलांतरित कामगारांना भाड्याने देण्याची योजनाही आणली. पण ही घरं रिकामी का राहिली, हे चेंबूरजवळच्या माहुलला जाऊन पाहावं. प्रकल्पग्रस्तांसाठी इमारती उभ्या केल्या त्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. श्वास घेणं मुश्कील, म्हणून लोक कोर्टात गेले. २०१९मध्ये उच्च न्यायालयाने तिथे जायला नकार देणाऱ्यांना दरमहा १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. अशा ठिकाणी पुन्हा गरिबालाच पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

खासगी फ्लॅट मात्र स्टेशन, शाळा, दवाखान्याजवळ असतात. अडचण मालकाच्या भीतीची: भाडेकरू निघालाच नाही तर? १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरतं घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची वेगळी तरतूद आहे, तरी धास्ती जात नाही. म्हणून महापालिकेनेच फ्लॅट पाच वर्षांसाठी भाड्याने घ्यावा, मालकाला वेळेवर भाडं द्यावं, कुटुंबाकडून झेपेल तेवढंच घ्यावं. मधला फरक तिजोरीतून जाईल आणि तो मोठा असेल. तरीही माझं मत याच पर्यायाला. कामावर पायी जाता येणारं घर धुणीभांडी करणाऱ्या बाईचे रोजचे दोन तास वाचवतं.