ठेवू की बदलू? महागडं ऑटोमॅटिक, सर्व्हिसनंतरचे काही महिने

सर्व्हिसचं एस्टिमेट आलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते घड्याळ विकून टाकायचं. तेवढ्या पैशांत बॅटरीवर चालणारं उत्तम क्वार्ट्झ घड्याळ नवं येतं आणि ते महिन्याला फार तर १५ सेकंद इकडेतिकडे होतं. हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारं माझं महागडं स्विस ऑटोमॅटिक मात्र हातात असतानाच थांबायला लागलं होतं. रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. ४० तासांचा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे हातातून काढल्यावरही चालत राहण्याची मुदत, कागदावरच राहिला होता.

तीन काटे, तारीख, सफायर काच, १०० मीटर जलरोधक, ताशी २८,८०० ठोके. हे मशीन आणि त्याचे भाऊबंद सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही.

तपासणीत ॲम्प्लिट्यूड, म्हणजे ठोके देणाऱ्या बॅलन्स चाकाचा झोका, २०० अंशांच्या खाली गेलेला निघाला. निरोगी मशीनचा बॅलन्स, घड्याळ आडवं ठेवल्यावर, साधारण २७० ते ३१० अंश फिरायला हवा. आतलं तेल सुकलं होतं. तेल सुकल्यावरही घड्याळ चालवत राहिलं की धातूवर धातू घासतो आणि साध्या ऑइलिंगचं काम भाग बदलण्यावर जातं. म्हणजे विकायचं असो वा ठेवायचं, सर्व्हिस टाळण्यात शहाणपण नव्हतं. बंद घड्याळाला भाव कोण देतो?

वाद झाला तो पॉलिशवरून. पॅकेजमध्ये केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) आणि चेनचं पॉलिश धरलेलंच होतं. मी म्हटलं, पॉलिश नको. उत्तर आलं, नको असेल तर करणार नाही, पण पैसे कमी होणार नाहीत. ठीक आहे, पैसे घ्या, पण केसला हात लावू नका, आणि हे जॉब कार्डवर लिहा. हे लिहून घ्यायला फोनवर फोन करावे लागले. ‘सर, नव्यासारखं दिसेल,’ हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकलं. पॉलिश म्हणजे धातू खरवडून काढणं. लग्जवर, म्हणजे चेन जोडायच्या केसच्या टोकांवर, ब्रश केलेला भाग आणि चकचकीत भाग जिथे भेटतात तिथली धारदार रेघ एकदा गोल झाली की परत येत नाही. ओरखडे माझ्या वापराचे आहेत, ते राहू देत. ती रेघ कारखान्यात कुणीतरी मन लावून काढलेली आहे. घड्याळ सर्व्हिसला देणाऱ्या प्रत्येकाने ‘पॉलिश नको’ हे लेखी घ्यावं. तोंडी बोलणं काउंटरपासून कामाच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

घड्याळ परत आलं आणि राग बराचसा ओसरला. केस जशीच्या तशी, आणि मशीन अप्रतिम. दिवसाला दोन-तीन सेकंद पुढे. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेच्या प्रमाणपत्रासाठी सीओएससी ही स्विस चाचणी संस्था दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालवून घेते, आणि माझ्या मशीनला तर ते प्रमाणपत्रही नाही. रात्री क्राउन (वेळ लावायची बाजूची किल्ली) वर करून उभं ठेवलं की दिवसभरात पुढे गेलेले सेकंद बरेचसे परत येतात, कारण उभ्या स्थितीत घर्षण वाढतं आणि हे मशीन थोडं मागे पडतं. आडवं ठेवलं की ते पुढेच जातं. प्रत्येक मशीनचा स्वभाव निराळा असतो, आपल्या घड्याळाचा पाहून घ्यावा. आठवडाभर वेळ पुन्हा न लावता बरोबर चालणारं यांत्रिक घड्याळ बघण्यात जो आनंद आहे, तो मला क्वार्ट्झमध्ये कधी मिळाला नाही.

मग काही आठवड्यांनी ते एकदम दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे जायला लागलं. असं अचानक झालं की आधी चुंबकत्वाची शंका घ्यावी. बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगची, म्हणजे हेअरस्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी कमी होते आणि ठोके जलद पडतात. आयएसओ ७६४ मानकाप्रमाणे चुंबकरोधक घड्याळाने ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण ६० गॉस चुंबकीय क्षेत्र सोसायचं असतं. टॅबलेटच्या कव्हरमधला चुंबक घड्याळाला अगदी टेकला तर त्याहून कितीतरी जास्त देऊ शकतो. घड्याळजीने डीमॅग्नेटायझरवरून फिरवलं, क्षणभराचं काम, आणि चाल पूर्वीवर आली. सर्व्हिस सेंटरचा यात काही दोष नव्हता.

इथे मात्र ‘बदलू’चं पारडं जड झालं. हल्लीच्या बऱ्याच घड्याळांत सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असते, तिला चुंबकाचं सोयरसुतक नाही. मेटास या स्विस मापन संस्थेच्या मास्टर क्रोनोमीटर चाचणीत तर घड्याळ १५,००० गॉसमध्ये चालवून बघतात. शिवाय ७०-८० तासांचा पॉवर रिझर्व्ह. शुक्रवारी रात्री काढलं तरी सोमवारी सकाळी चालू, तारीख लावायला नको. आमच्यासारख्यांना रविवारी दुपारी थांबलेलं घड्याळ उचलून, काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या पट्ट्यात नाहीत याची खात्री करून, मगच तारीख पुढे न्यावी लागते.

तरीही खरं सांगायचं तर यातल्या एकाही कारणासाठी मी घड्याळ बदललं नसतं. मला छळलं ते चेनच्या लॉकने.

बटरफ्लाय लॉक. दोन्ही बाजूंनी मिटतं, वरून सांधा दिसत नाही, सुंदर दिसतं. पण त्याला बारीक ॲडजस्टमेंटची सोयच नाही. साध्या फोल्डिंग लॉकला बाजूला छिद्रं असतात, स्प्रिंग बार (चेन अडकवणारी स्प्रिंगची काडी) एका छिद्रातून दुसऱ्यात सरकवला की थोडं सैल, थोडं घट्ट करता येतं. इथे फक्त कडी काढा किंवा कडी घाला. मनगट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. सकाळी बरोबर बसलेली चेन दुपारी उकाड्यात रुतते, कातडीवर कड्यांचे ठसे उठतात. एक कडी वाढवली की थंडीत घड्याळ मनगटाच्या बाहेरच्या अंगाला घसरतं आणि क्राउन हाताच्या मागे टोचतो. अर्धी कडीही लावून पाहिली, तिने फक्त त्रासाची वेळ बदलली. सैल चेनचं आणखी एक दुखणं म्हणजे पिना झिजतात आणि चेन लोंबायला लागते.

एवढ्या किमतीच्या वस्तूत हे चालवून घेतलं जातं याचं मला अजून नवल वाटतं. रोलेक्सच्या ईझीलिंकमध्ये ५ मिलिमीटर वाढ मिळते, ग्लाइडलॉकमध्ये २-२ मिलिमीटरच्या टप्प्यांनी २० मिलिमीटरपर्यंत. ट्यूडरच्या टी-फिटमध्ये पाच टप्प्यांत ८ मिलिमीटर, अवजाराशिवाय. मनगटावरच करता येतं. मी असं लॉक असलेली घड्याळं दुकानात हातात घालून बघितली, आणि दर वेळी डायलकडे न बघता लॉकशीच खेळत बसलो. मशीन कितीही अचूक असो, जे घड्याळ दुपारी काढून टेबलावर ठेवावं लागतं ते वापरात नाही.

हिशोब मांडला तेव्हा बदलायचा विचार मागे पडला. जुनं विकताना मिळणारी रक्कम आणि नव्याची किंमत यातली दरी मोठी. त्यात नुकतीच केलेली सर्व्हिस विकताना फारशी वसूल होत नाही. नव्या घड्याळाचा भावही, मोजकी मॉडेल्स सोडली तर, दुकानाबाहेर पडताच उतरतो. आणि तेल तिथेही कधीतरी सुकणारच, तेव्हा पुन्हा असंच एस्टिमेट.

त्याच केसच्या नव्या आवृत्तीला कंपनीने सरकतं लॉक असलेली चेन दिली आहे. सर्व्हिस सेंटर म्हणालं, सुटी मिळत नाही. केसला लागून बसणाऱ्या शेवटच्या कडीच्या आतल्या बाजूला नंबर कोरलेला असतो. माझ्या चेनचा नंबर आणि नव्या चेनचा नंबर एकच आहे, हे दाखवून मी लेखी विचारलं, मग कुठे ऑर्डर घेतली. स्वस्त नाही पडली, पण नव्या घड्याळाच्या तुलनेत फारच थोडक्यात भागलं. बसली अगदी चपखल, लग्जपाशी फट नाही. दुपारी दोन टप्पे सैल, रात्री परत घट्ट. लॉक आधीपेक्षा जाड आहे, टायपिंग करताना टेबलाला लागतं, त्यावर ओरखडेही पडू लागलेत. ते मला मान्य आहे.

म्हणून ठेवलं. जुनी चेन सगळ्या कड्यांसकट जपून ठेवली आहे, कारण पुढे कधी विकायचं ठरलं तर मूळ चेनशिवाय भाव पडतो. पाण्याची चाचणी दरवर्षी करून घेणार, पाणी अडवणाऱ्या गॅस्केटचा भरवसा धरायचा नाही. पुढच्या सर्व्हिसला सुटे भाग न देता अख्खं मशीनच बदलायला लावलं, तर मात्र मी विकायचा विचार पुन्हा करेन.