हायब्रीड की विजेवरची? कराच्या बाजूने पाहिले तर

गेल्या दिवाळीत मी अठरा लाखांच्या आसपासची हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) गाडी आणि त्याच किमतीची विजेवरची गाडी यांच्यात अडकलो होतो. मायलेज आणि बॅटरीची हमी आपण पाहिलेलीच असेल, म्हणून इथे फक्त कराविषयी लिहितो. माझा निर्णय शेवटी त्यावरच झाला.

इंधन वाचवणाऱ्या गाडीला करात सवलत मिळणारच, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत 2006 ते 2010 या काळात हायब्रीड घेणाऱ्याच्या देय प्राप्तिकरातून गाडीनुसार 3,400 डॉलरपर्यंत रक्कम थेट वजा होत असे, आणि एखाद्या कंपनीच्या अशा 60,000 गाड्या विकल्या गेल्या की ती टप्प्याटप्प्याने बंद होई. आपल्याकडे मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरहून लांब हायब्रीडवर 40 टक्के जीएसटी आहे आणि विजेच्या गाडीवर 5 टक्के. हायब्रीडचा दर 5 टक्क्यांवर आणावा, असा आग्रह आपल्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी 2024 मध्ये धरला होता. तसे झाले असते, तर कदाचित मी वेगळे लिहिले असते.

आता मला खुपलेली गोष्ट. 2022 मध्ये मी कर्ज काढून विजेची स्कूटर घेतली होती. 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या अशा कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80 ईईबीखाली वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट मिळते. हायब्रीडला ती कधीच नव्हती. परंतु बँकेच्या दाखल्यावर नुसते ‘वाहन कर्ज’ छापलेले होते, गाडी विजेची असल्याचा उल्लेखच नव्हता, आणि तेवढ्या एका शब्दासाठी मला शाखेत तीन हेलपाटे घालावे लागले. पुढे नवी करप्रणाली निवडली आणि ती वजावटही गेली. आधी पैसे भरा आणि सवलत मागाहून मिळवा, या पद्धतीचा मी तेव्हापासून धसका घेतला आहे.

म्हणून दोन्ही कोटेशन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा माझी नजर रोड टॅक्सच्या ओळीवर थांबली. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के कर आहे आणि हायब्रीडही त्यातच मोजली जाते. अठरा लाखांवर तो 2,16,000 रुपये होतो. विजेच्या गाडीच्या त्याच ओळीत शून्य होते. शोरूममधल्या मुलाने हायब्रीडला हा कर माफ झाल्याचे सांगितले होते, पण ती माफी जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशाने दिली, आपल्या राज्याने नव्हे. हायब्रीडची बचत खरी आहे. मेहुण्यांची गाडी मी आठवडाभर चालवली आणि सीताबर्डीच्या गर्दीत ती बराच वेळ बॅटरीवरच सरकत होती. तरीही ती बचत लिटरालिटराने, वर्षानुवर्षे वसूल करायची, आणि कर मात्र पहिल्याच दिवशी भरायचा.

माझे मनीषनगरहून बुटीबोरीला रोजचे जाणे-येणे आहे आणि घरच्या पार्किंगमध्ये रात्री चार्जिंग होते, त्यामुळे मी विजेची घेतली. मेहुणे मात्र आठवड्यातून दोनदा गडचिरोलीच्या आतल्या गावांत जातात. त्यांना मी गाडी बदलायला सांगितलेले नाही.