नंबिओवर दोन किनारी शहरांच्या खर्चाची तुलना : कितपत विसंबावे?

समुद्रकाठच्या एका शहरातून दुसऱ्या तशाच शहरात बिऱ्हाड हलवायचा विचार सुरू झाला, की महिन्याचा खर्च किती येईल हा प्रश्न आधी उभा राहतो आणि त्याचे उत्तर शोधणारे बहुतेक जण नंबिओ या संकेतस्थळावर येऊन पोहोचतात. म्लादेन अदामोविच यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ही सेवा सर्वसामान्य वापरकर्त्याला विनामूल्य आहे. दोन शहरांची नावे टाकली, की दुधाच्या दरापासून घरभाड्यापर्यंतचा लांबलचक तक्ता समोर येतो, प्रत्येक ओळीत टक्केवारीतला फरक दिसतो आणि पहिल्या शहरातले राहणीमान दुसऱ्या शहरात टिकवायला ढोबळमानाने किती रक्कम लागेल, हेही एका वाक्यात सांगितले जाते. दोन्ही शहरे किनाऱ्यावरची असतील, तर त्या एका वाक्यावर पगाराची बोलणी करावीत का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

आधी या सेवेची जमेची बाजू. दर मुख्यतः लोकांनीच नोंदवलेले असतात आणि शहराच्या पानावर सरासरीशेजारी किमान-कमाल पल्लाही दिलेला असतो, शिवाय किती जणांनी किती नोंदी केल्या आणि शेवटची भर केव्हा पडली, हेही तिथेच वाचता येते. ही माहिती उघड ठेवणे मला फार मोलाचे वाटते, कारण मोठ्या बंदराच्या शहरासाठी भरपूर नोंदी असतात आणि लहानशा किनारी गावासाठी मोजक्याच, हे तक्ता वाचण्याआधीच कळते. मर्सरसारख्या सल्लागार संस्थांची सर्वेक्षणे अधिक शिस्तबद्ध असली, तरी ती प्रामुख्याने परदेशी कर्मचारी पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी असतात. स्वतःच्या खिशातून घर चालवणाऱ्याला नंबिओच जवळचे आहे. वाणसामान, इंटरनेट, बसचा पास, उपाहारगृहातले जेवण या बाबतींत त्याचा अंदाज घेऊन पुढची आखणी करायला काहीच हरकत नाही.

निर्देशांक मात्र सावकाश वाचावेत. न्यूयॉर्क म्हणजे १०० असे धरून बाकीच्या शहरांना आकडा दिला जातो. समजा, एका शहराचा निर्देशांक ६० आणि दुसऱ्याचा ७५ आहे. फरक १५ अंकांचा दिसतो, पण पहिल्या शहरातून दुसऱ्यात जाणाऱ्याचा खर्च २५ टक्क्यांनी वाढतो आणि उलट दिशेने येणाऱ्याचा २० टक्क्यांनी घटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे राहणीमान खर्चाच्या मुख्य निर्देशांकात घरभाडे धरलेलेच नसते. भाड्याचा निर्देशांक वेगळा आहे आणि दोन्ही मिळून तिसरा. ज्या खर्चाने महिन्याचे गणित कोलमडते तोच पहिल्या आकड्यात नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. देश वेगळे असतील, तर विनिमय दराचाही परिणाम होतो. एखाद्या देशाचे चलन घसरले, की त्याची शहरे तक्त्यात स्वस्त दिसू लागतात, पण त्याच चलनात पगार घेणाऱ्या रहिवाशाला त्या स्वस्ताईचा काहीच लाभ नसतो.

खरी अडचण मला दिसते ती भाड्याच्या ओळींत. तिथे ठिकाणानुसार दोनच प्रकार आहेत: शहराच्या मध्यभागातले घर आणि मध्यभागाबाहेरचे घर. चहूबाजूंनी वाढलेल्या शहराला हे माप बरे लागू पडते, पण किनारी शहराच्या एका बाजूला जमीनच नसते आणि भाडे मध्यभागापासूनच्या अंतराइतकेच समुद्रापासूनच्या अंतरावरही ठरते. सिडनीतले समुद्रकाठचे बॉन्डाय मुख्य व्यापारी भागाबाहेर असूनही महागड्या वस्त्यांत गणले जाते. त्याच्या भाड्याची नोंद 'मध्यभागाबाहेर' या रकान्यात झाली, की दूरच्या साध्या उपनगरांतल्या भाड्यांबरोबर त्याची सरासरी निघते. तो सरासरी आकडा मग ना किनाऱ्याजवळच्या घराचा राहतो, ना आतल्या भागातल्या घराचा. पर्यटनाच्या हंगामात अल्प मुदतीचे भाडेकरू आल्यावर जी तेजी येते, तीही वर्षभराच्या सरासरीत विरून जाते.

विजेची ओळही अशीच फसवी आहे. ८५ चौरस मीटरच्या घरासाठी वीज, उष्णता, गारवा, पाणी आणि कचरा हे सारे एकाच आकड्यात बसवलेले आहे. दोन शहरे समुद्रकाठी आहेत म्हणून त्यांचे हवामान सारखे असेल, असे मुळीच नाही. पेरूची राजधानी लिमा उष्ण कटिबंधात असूनही हम्बोल्ट या थंड प्रवाहामुळे तिथली हवा सौम्य राहते, तर उबदार समुद्राकाठच्या शहरात दमटपणामुळे रात्रीही उकाडा हटत नाही आणि वातानुकूलन यंत्राला हवा गार करण्याबरोबर तिच्यातली आर्द्रता काढण्याचेही काम करावे लागते. ज्या घरात यंत्र रात्रभर चालते आणि ज्या घरात पंख्यावर भागते, त्यांची बिले एकाच सरासरीत मोडतात.

देखभालीला तर या तक्त्यात जागाच नाही. खाऱ्या वाऱ्यातले क्षार वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या कुरतडतात, खिडक्यांच्या बिजागऱ्या आणि वाहनांचे पत्रे गंजवतात आणि काँक्रीटमध्ये मुरले की आतल्या सळया फुगवून स्लॅबचे पोपडे पाडतात. हा खर्च इमारतीच्या मासिक वर्गणीतून किंवा वाढीव भाड्यातून रहिवाशावरच येतो. घर विकत घेणाऱ्याला विम्याचीही भर पडते. फ्लोरिडात चक्रीवादळाच्या नुकसानीसाठी घरमालकाने स्वतः सोसायचा वाटा बहुधा विमा रकमेच्या २, ५ किंवा १० टक्के असा ठरलेला असतो. ज्या किनाऱ्यावर वादळे क्वचितच येतात, तिथल्या घरमालकाला हा बोजा ठाऊकही नसतो आणि तरीही तक्त्यात दोघांची घरे केवळ चौरस मीटरच्या दराने शेजारी उभी केली जातात.

म्हणून माझी शिफारस मर्यादित आहे. किराणा, प्रवास आणि बाहेरचे खाणे यांसाठी नंबिओ निःशंक वापरावे, भाडे आणि विजेचे आकडे मात्र तिथून उचलू नयेत. भाड्यासाठी दोन्ही शहरांतल्या, समुद्रापासून साधारण सारख्याच अंतरावरच्या वस्त्यांच्या जाहिराती ताडून पाहाव्यात आणि त्याही हंगामात व हंगामाबाहेर अशा दोन वेळा. तिथे राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडून सर्वाधिक उकाड्याच्या महिन्याचे वीजबिल आणि इमारतीच्या देखभाल वर्गणीची पावती मागून घ्यावी. पगाराची बोलणी त्या दोन कागदांनंतर करावीत.